दोन सह्या कमी पडताहेत

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या वेळात आम्ही केलेलं हे भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)

रेडिओ लावून शेंगा फोडत बसलेल्या, भांडी घासणाऱ्या, शिलाई मशीनवर वाकलेल्या सगळ्या काकू, मावश्या, वहिनींना आमचा नमस्कार.

आम्ही अकरा जणी बोलतोय. आवाज एकीचा आहे, पण कागद अकरा जणींनी मिळून लिहिलाय, म्हणून ‘आम्ही’ म्हणायचं. आमच्यात दोघी अंगणवाडीत आहेत, तिघी शिलाई करतात, एकीची पिठाची गिरणी आहे, एक निवृत्त शिक्षिका आहेत, आणि बाकीच्या चौघी घर आणि शेत दोन्ही बघतात. आमची ओळख बचत गटातली नाही आणि भिशीतलीही नाही. आमची ओळख झाली आपल्या बाजारपेठेतल्या सार्वजनिक वाचनालयाच्या जिन्यात.

त्याच वाचनालयाबद्दल आज बोलायचंय. सुरुवातीलाच सांगून टाकतो, की शेवटी आम्ही तुमच्याकडे एक मागणी करणार आहोत. पैशाची नाही. तेव्हा रेडिओ बंद करू नका.

आपल्या वाचनालयाची वेळ वर्षानुवर्षं सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी होती. आता तुम्हीच सांगा, सकाळी आठला आपण कुठे असतो? डब्यापाशी. संध्याकाळी सहाला? पोळपाटापाशी. वेळ मुद्दाम बायकांना टाळून ठेवली होती असं आम्ही म्हणत नाही. ठरवणाऱ्यांच्या घरी त्या वेळेला चहा हातात मिळत होता, एवढंच. त्यामुळे पुस्तकं घरी यायची ती नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर. त्यांना आठवलं तर. आणि त्यांना आवडेल ते. आमच्यातल्या एकीने लग्नानंतर बावीस वर्षं वाचनालयाचीच पुस्तकं वाचली, पण वाचनालयाची पायरी चढली नाही. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायची, यजमान आणायचे. तिला हवं ते पुस्तक मिळालं नाही तर ‘नव्हतं’ एवढंच उत्तर यायचं. खरंच नव्हतं की विचारलंच नव्हतं, हे कळायला मार्ग नव्हता.

मागच्या वर्षी यजमान गेले. कार्यं उरकली, आलेगेले पांगले, आणि ती एका दुपारी एकटीच वाचनालयात गेली. ते बंद होतं. ती जिन्यात बसून राहिली. तिथेच गिरणीवाल्या वहिनींनी तिला पाहिलं, त्या शेजारी येऊन बसल्या, आणि आमचा गट तिथून सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

आम्ही अर्ज केला. मागणी एकच होती, की दुपारी दोन ते चार वाचनालय उघडं ठेवा. कार्यकारी मंडळात आधी नाराजी होती. कर्मचारी दोनच, पगार तुटपुंजा, दिवे-पंख्याचं बिल वाढणार, आणि बायका खरंच येतील का? शेवटचा प्रश्न आम्हाला लागला, पण तो चुकीचा नव्हता. मग ग्रंथपालताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी बसते दुपारची. तीन महिने करून बघू.’ जादा पैसे मिळणार नव्हते, तरी म्हणाल्या. मंडळाने अट घातली, की वाचक नोंदवहीत दुपारच्या वेळी रोज सरासरी दहा सह्या दिसल्या तर वेळ कायम, नाहीतर बंद.

त्या तीन महिन्यांतले दोन आता संपलेत. सरासरी आठ आहे.

आता तुम्ही म्हणाल, तिथे आहे तरी काय एवढं? पुस्तकं तर आता मोबाइलवरही मिळतात. म्हणून आम्ही दोन महिन्यांत काय काय पाहिलं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे कपाटांवरचे आकडे. आम्हाला वाटायचं ते हिशेबाचे असतील. ताईंनी समजावलं, की पुस्तकं विषयाप्रमाणे लावलेली असतात आणि प्रत्येक विषयाला आकडा असतो. ही ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाची दशांश पद्धत आहे. आपल्या डब्यांच्या फळीसारखीच. हळद कुठे, जिरं कुठे, हे अंधारातसुद्धा हाताला कळतं ना, तसं. स्वयंपाक ६४१.५, शिवणकाम ६४६, शेती ६३०, औषध आणि आरोग्य ६१०, कायदा ३४० आणि आपलं मराठी साहित्य ८९१.४६. आम्ही बहुतेक जणी पहिल्या दिवशी ६४१.५ पाशी घुटमळलो. ओळखीचं घर ते! पण त्याच्या पलीकडची कपाटंही आपलीच आहेत हे कळायला आठवडा लागला.

३४० ची गोष्ट ऐका. आमच्यातल्या एकीला माहेरून निरोप आला, की जमिनीच्या कागदावर सही करायला ये. हक्कसोडपत्र होतं. भाऊ वाईट नाहीत. भाऊबीजेला येतात, अडीअडचणीला धावतात. तिला सही करायला हरकत नव्हती, पण कशावर करतोय ते कळत नव्हतं. ताईंनी तिला हिंदू उत्तराधिकार कायद्यावरचं मराठी पुस्तक काढून दिलं. कायदा १९५६ चा. २००५ साली त्यात दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आला. लग्न झालेल्या मुलीलाही. वडील २००५ च्या आधी गेले असतील तर काय, हा प्रश्न बरीच वर्षं अडकला होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही.

तिने ते तीन दुपारी बसून वाचलं. पुस्तक म्हणजे वकील नव्हे, हेही ताईंनीच बजावलं, आणि विधी सेवेची माहिती दिली. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मागता येते, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी समिती असते. ती तिथे जाऊन आली, मग माहेरी गेली.

सही केली का? ते तिचं तिच्यापाशी. आम्ही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, ‘जे केलं ते वाचून केलं.’

दुसरी गोष्ट अभ्यासिकेची. वरच्या मजल्यावर मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. आमच्यातल्या एकीची मुलगी दीड वर्ष तिथे जायची. घर दोन खोल्यांचं, त्यात आजेसासूबाईंचा टीव्ही आणि धाकट्याचा क्रिकेट. मुलगी म्हणायची ‘वाचनालयात जाते’, आणि आईच्या मनात पाल चुकचुकायची. आपल्याकडे मुलगी रोज चार तास घराबाहेर म्हटलं की शेजारचे आईच्या आधी काळजी करायला लागतात. आई पहिल्यांदा दुपारच्या वेळात वाचनालयात आली, वर डोकावली, तर लेक भिंतीकडे तोंड करून बसलेली. समोर भूगोलाचं पुस्तक, शेजारी पाण्याची बाटली, आणि आपण आलोय याचा पत्ताच नाही. आई तशीच खाली आली. त्या दिवसापासून डब्यात दोन पोळ्या जास्त जातात, आणि शेजारच्यांना उत्तर आई देते.

तिसरी गोष्ट आमच्या सगळ्यांत मोठ्या मावशींची. वय सत्तरच्या पुढे. अक्षरओळख उतारवयात साक्षरता वर्गात झाली, पण वर्ग संपला आणि अक्षरं पुसट व्हायला लागली. त्या वाचनालयात येऊन बालविभागातलं मोठ्या टायपातलं पुस्तक मागायच्या. ‘नातवासाठी हवं.’ ताईंना माहीत होतं, की नातू पुण्यात असतो. त्या काही बोलल्या नाहीत. दर आठवड्याला एक पुस्तक नातवासाठी काढून ठेवायच्या. परवा मावशींनी आपणहून सांगितलं, ‘नातवाचं वाचून झालं. आता मला दे एखादं.’

मावशींवरून आम्हाला शिक्षिकाबाईंनी बडोद्याची गोष्ट सांगितली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण शाळा सुटली आणि हातात पुस्तकच आलं नाही, तर शिकलेलं विरून जातं. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. शहरात मोठं ग्रंथालय, गावोगावी छोटी, आणि जिथे तीही नाहीत तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवायच्या. एक पेटी एका गावात वाचून झाली की पुढच्या गावाला. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाला जे कळलं, ते आमच्या मावशींनी स्वतःवरून सिद्ध केलं.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. लोकहितवादींचा त्यात मोठा वाटा होता. त्याच साली त्याच पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एकाच गावात, एकाच वर्षी, एक दार पुस्तकांचं उघडलं आणि एक मुलींचं. या दारातल्या मुलींना त्या दारात सहज जाता यायला मात्र किती पिढ्या लागल्या! ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. ही सगळी लोकांनी वर्गण्या काढून उभी केलेली घरं आहेत. पुढे १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळायला लागलं. वर्ग ठरताना पुस्तकं किती, सभासद किती, वृत्तपत्रं किती, हे सगळं पाहिलं जातं. तपासणीला अधिकारी येतात आणि नोंदवह्या उघडतात. म्हणजे मैत्रिणींनो, आपण सभासद झालो नाही, की वाचनालयाच्या दृष्टीने आपण नसतोच. घरी बसून नवऱ्याच्या नावावर शंभर पुस्तकं वाचा. वहीत वाचक एकच.

आता थोडं हसू येईल असं. दिवाळी अंक! १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळ आणि अंक ही जोडी आहे. पण आज चार अंक विकत घ्यायचे म्हटले तर बजेट कोलमडतं. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. ठरावीक रक्कम एकदा भरायची आणि पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून बदलून न्यायचे. यात एक कबुली द्यायची आहे. ताई सांगत होत्या, की दिवाळी अंक परत येतात तेव्हा पाककृतीचं आणि रांगोळीचं पान हमखास गायब असतं. आम्ही सगळ्या ‘अरेरे’ म्हणालो. एक जण गप्प होती. दुसऱ्या दिवशी ती जुनी वही घेऊन आली. त्यात बारा वर्षांपूर्वी फाडलेलं अनारशाचं पान चिकटवलेलं होतं. ‘अनारसे कधी जमलेच नाहीत,’ म्हणाली, ‘हे घ्या परत.’ ताईंनी अंक शोधून काढला आणि पान जागेवर डकवलं. तेव्हा आवडलेली कृती वहीत उतरवून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. पान फाडू नका. आपल्यामागून कुणीतरी तेच पान शोधत येणार असतं.

जुन्या मासिकांचे बांधीव खंडही तिथे आहेत. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झालं. आमच्या आज्यांच्या काळातल्या बायका कशाकशावर वाद घालत होत्या ते त्या खंडांत दिसतं. दुपारी एकदा एकीने मोठ्याने वाचायला घेतलं आणि चार कधी वाजले कळलं नाही. वर्तमानपत्रं तर आहेतच. ती तिथे बसून वाचायला पैसे पडत नाहीत, सभासद असण्याचीही गरज नाही. आणि पुस्तक नसेल तर मागणी नोंदवही असते. त्यात लिहायचं. मधुमेह असणाऱ्यांच्या आहारावरचं पुस्तक आम्ही लिहिलं होतं, ते नव्या खरेदीत आलं. आपण लिहिलं आणि आलं, याचा आनंद वेगळाच असतो. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या ग्रंथालयांना पुस्तकांसाठी मदत करतं. त्यांचे शिक्केही काही पुस्तकांवर सापडतील.

हे सगळं चालतं कुणामुळे? डॉ. एस. आर. रंगनाथन यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात. १२ ऑगस्टला त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन असतो. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आम्हाला तो फार आवडला. कारण बाईचा वेळ कुणी वाचवायचा असतो, हे आम्ही आधी कुठे ऐकलं नव्हतं. आपल्या ताई तो नियम पाळतात. कुणाच्या घरी पाहुणे आहेत, कुणाला साडेतीनची एसटी गाठायची आहे, हे त्यांना ठाऊक असतं आणि पुस्तक आधीच टेबलावर काढून ठेवलेलं असतं. ग्रंथपालांचा पगार आपण ऐकला तर आपल्यालाच ओशाळं व्हायला होईल. त्यांचं कौतुक करायचं तर हार-श्रीफळ नको. त्या ज्यासाठी दुपारी उपाशीपोटी येऊन बसतात, ते टिकवायला हवं.

आता मागणी. पहिल्या महिन्यात एक गंमत झाली. बायका बारा-बारा यायच्या आणि वहीत सह्या पाच! आम्ही चक्रावलो. मग एकेकीला विचारलं. एक म्हणाली, ‘सही केली की पैसे लागतील असं वाटलं.’ दुसरी म्हणाली, ‘वही कुणी बघितली आणि घरी सांगितलं तर? मी दळणाला म्हणून निघते.’ तिसरी म्हणाली, ‘माझं अक्षर वाईट आहे.’ आम्ही कुणालाच हसलो नाही, कारण तिन्ही कारणं आमच्यातही कधी ना कधी होती. पहिलीला सांगितलं, सहीला पैसे नाहीत. तिसरीला मावशींची सही दाखवली. मावशींची सही दोन ओळी खाते, म्हणून ताईंनी वहीत त्यांच्यासाठी रकाना रुंद आखलाय. दुसरीला मात्र आमच्याकडे पटकन उत्तर नव्हतं. घरी काय सांगायचं हे जिचं तिला ठाऊक. आम्ही एवढंच म्हणालो, की दळण आमच्या वहिनींच्याच गिरणीत टाक. पीठ होईपर्यंत वाचनालयात बस. म्हणजे खोटंही बोलायला नको! ती आता सही करते. अजून घाईघाईत करते, पण करते.

महिना संपायला अकरा दिवस आहेत. रोज दोन सह्या कमी पडताहेत, आणि सरासरी भरून काढायची तर आता रोज त्याहून जास्त लागतील. हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी जितक्या जणी रोज येतील, तितकं बरं. येताना काही आणायची गरज नाही. नुसतं बसून वर्तमानपत्र वाचा आणि जाताना वहीत नाव, वेळ आणि सही करा.

आणि जमलं तर पुढचं पाऊल टाका. स्वतःच्या नावाने सभासद व्हा. एक फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, १०० रुपये अनामत आणि महिन्याला २० रुपये वर्गणी. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते. घरात आधीच कुणाचं कार्ड असलं तरी आपलं वेगळं काढा. ती बावीस वर्षं चिठ्ठी देणारी आमची मैत्रीण, तिने कार्ड काढलं त्या दिवशी अर्जावर नाव लिहिताना थांबली. इतक्या वर्षांत कुठल्या कागदावर ‘यांची पत्नी’ नसलेलं आपलं नाव लिहिलं होतं, ते आठवत होती म्हणे. मग लिहिलं. पहिलं पुस्तक कोणतं घेतलं माहितेय? यजमान ‘नव्हतं’ म्हणायचे त्यातलंच एक. ते होतं. मागच्या कपाटात, खालच्या फळीवर, कित्येक वर्षं.

तिने यजमानांना दोष दिला नाही, आम्हीही देत नाही. मागच्या कपाटापर्यंत जायला दुसऱ्याच्या पायांना वेळ नसतो. आपल्या पायांनी जावं लागतं.

उद्या दुपारी दोन वाजता जिन्यात आम्ही असू. बाजारपेठेतून आलात तर औषधाच्या दुकानाला लागूनच जिना आहे. सातव्या पायरीचा दगड जरा हलतो, जपून या. पेन आम्ही आणतो.

नमस्कार.